पाणी गेलं कुठं?

१

जालिंदर वाळुंजांना सुनेनं विष घातलं, ही बातमी देवळाली प्रवरात पोलीस ठाण्याच्या आधी चहाच्या टपरीवर पोचली. मी टपरीवरच होतो, म्हणून मलाही वेळेत कळली.

मी काकासाहेब निमसे, फौजदार. खरं तर हे भांडण माझ्या गळ्यात पडायचं कारण नव्हतं. जालिंदररावांच्या मुतखड्याचं ऑपरेशन नगरच्या एका खासगी दवाखान्यात झालं होतं. पोट न फाडता, पाठीला बोटाएवढं भोक पाडून, दुर्बिणीनं, आणि त्या भोकातून लघवीची नळी पिशवीत सोडून. दुसऱ्या दिवशी गडी उठून बसला आणि उसाला पाणी सोडलं का म्हणून मुलाला फोन करून शिव्या देऊ लागला. म्हणजे बराच झाला म्हणायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी सून जयमाला घरून कुळथाचं कढण घेऊन गेली. संध्याकाळी त्यांना श्वास लागला, छातीत कळ आली, हृदय क्षणभर थांबलं. डॉक्टरांनी उजव्या छातीत साचलेलं पाणी काढून ओढून परत आणलं, पण तेव्हापासून ते बेशुद्ध, तोंडात नळी आणि श्वास मशीनवर. दवाखाना नगरात, पण कढण शिजलं देवळालीत. म्हणून तक्रार माझ्याकडे.

तक्रार घेऊन आली ती जालिंदररावांची बायको चांगुणाबाई आणि मुलगा चेतन. चेतन शुगर फॅक्टरीत केमिस्ट, शिकलेला. तो खाली बघत होता. बोलत होती ती म्हातारी.

"साहेब, माझा मानूस चांगला बसला हुता. ही आली, डबा उघडला, पाजलं, आन् संध्याकाळी गडी आडवा. आजून काय सांगू?"

"भांडण होतं का घरात?"

"व्हतं की. हिला नगरला बिऱ्हाड करायचं. मालक न्हाई म्हनले. मग ही आख्ख्या गल्लीत म्हनली, 'या घरात मामा ऱ्हातील न्हाईतर मी.' इचारा कुनालाबी."

गल्लीत विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनाही आठवत होतं.

रक्ताचे आणि कढणाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. तिथला निकाल यायला आपल्याकडे किती वेळ लागतो ते सांगत नाही, उगाच कुणाचं मन दुखवायचं कशाला. तोवर जालिंदरराव गेले असते तर खुनाचा गुन्हा लागला असता आणि जयमाला सरळ आत. तिची चार वर्षांची पोर संस्कृती. सासरच्यांनी ती आधीच तिच्याजवळून काढून नात्यातल्या एका घरी नेऊन ठेवली होती. मला भेटली तेव्हा जयमाला रडत नव्हती, पण हात सारखा शेजारी जात होता, पोर चाचपायला.

"कढण मीच दिलं, साहेब," ती म्हणाली. "मी मिरजगावची. आमच्याकडं मुतखड्याला कुळीथच देत्यात. घरात सगळ्यांनी तेच खाल्लं. डॉक्टर म्हणले हुते भरपूर पाजा, म्हणून कढण झाल्यावर पाणीबी पाजलं, तांब्यावर तांब्या. पण एक सांगू का? मामा एवढं पीत हुते आणि त्यांच्या पाठीच्या नळीची पिशवी रिकामीच हुती. आत्या जेवायला खाली गेल्यापास्नं मी बसल्ये, थेंब उतरला न्हाई."

२

विषाचं मला कळतं, मूत्रपिंडाचं नाही. म्हणून मी डॉ. भीमा भिंगारदिवेंना फोन केला. सरकारी दवाखान्यात छातीच्या विकारांत आयुष्य काढलेल्या बाई, आता निवृत्त. माझ्या सासूचा दमा त्यांनी पार बरा केला, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

"पेशंट जिवंत आहे ना?" मॅडमनी विचारलं. "मग विष नंतर शोधू. आधी तो का बुडतोय ते बघू."

"बुडतोय?"

"उजवी छाती पाण्यानं भरली होती म्हणालास ना? मग बुडतोयच."

मॅडमना घेऊन मी दवाखान्यात गेलो, तिथे डॉ. पार्थ गुंजाळ भेटले. ऑपरेशन यांनीच केलेलं. तरुण, हुशार, आणि त्या दिवशी पांढरे पडलेले. त्यांनी एक्स-रे दाखवला. छातीची उजवी बाजू पांढरीधोप, आणि हृदय बिचारं डावीकडे ढकललेलं, गर्दीच्या जीपमधल्या शेवटच्या माणसासारखं.

"हृदयाच्या डॉक्टरांना ईसीजीच्या पट्टीत बदल दिसले," गुंजाळ म्हणाले. "त्यांना वाटलं झटका आला, आणि झटक्यामुळे छातीत पाणी झालं. मी बरगड्यांमधून नळी टाकून पाणी काढलं. तेव्हा कुठे रक्तदाब सावरला. पण झटका का आला हे कुणालाच सांगता येईना. नातेवाईक म्हणतात विष. मॅडम, खरं सांगतो, माझं ऑपरेशन स्वच्छ झालं होतं."

"पाठीतली नळी?"

"मूत्रपिंडातून थेट बाहेर पिशवीत. आतल्या जखमेतून थोडं रक्त येतं, लघवी लालसर होते, एखादी गाठ मूत्रमार्गात अडकते. तेवढे दिवस लघवीला ही दुसरी वाट. बंद करायची नाही, असं मी सगळं समजावून सांगितलंय."

"कुणाला?"

"मुलाला. सहीसुद्धा त्यांचीच आहे."

मॅडम नुसतं "हं" म्हणाल्या. त्यांचं "हं" मला माझ्या साहेबांच्या मेमोपेक्षा जड वाटतं.

वॉर्डातली सिस्टर ज्ञानेश्वरी मात्र ठाम होती. कामात चोख पोरगी. मी जयमालाचं म्हणणं सांगितलं तशी ती उसळलीच.

"पिशवी रिकामी? अहो सर, दुपारच्या राउंडला मी स्वतः पिशवी ओतली. गच्च भरलेली होती. सकाळच्या राउंडलाही तसंच. बाईंना काय, उगाच काहीतरी सांगतायत."

एक म्हणते थेंब उतरला नाही, दुसरी म्हणते गच्च भरलेली. त्याच दुपारी, तीच पिशवी. दोघींतली एक खोटं बोलत होती, आणि सिस्टरला खोटं बोलायचं काही कारण मला दिसेना. जयमालाला होतं.

"चला," मी म्हणालो. "झालं म्हणायचं."

"काही झालं नाही," मॅडम म्हणाल्या. "तो माणूस तांब्यावर तांब्या प्याला. मधल्या वेळात पाणी गेलं कुठं, ते आधी सांग."

३

मी देवळालीला परत आलो. एक माणूस राहिला होता, पुंजाराम. वाळुंजांच्या बांधाला बांध, आणि बांधावरून बोलचाल बंद. शिवाय हा मुतखड्यावर झाडपाल्याची पुडी देतो. त्या सकाळी तोही दवाखान्यात जालिंदररावांना भेटायला गेला होता.

"बोलत नव्हता तर भेटायला कशाला गेलास?"

"भांडान बांधाचं हाय, साहेब. दुखन्याला भेटायला जावंच लागतं. न्हाईतर लोक काय म्हनतील?" त्याला माझ्या प्रश्नाचं खरंच आश्चर्य वाटलं. "पुडी दिली म्या. जालूनं ती माझ्यादेखत खिडकीतनं टाकली. म्हनला, 'तुझ्या पुडीनं खडा गेला असता तर पाठीला भोक कशाला पाडून घेतलं असतं?' बेनं लई वंगाळ बोलतं. पन शेजारी असा न्हाई मिळायचा." एवढं बोलून त्यानं डोळे पुसले. नंतर दवाखान्याच्या खिडकीखालच्या पत्र्यावर पुडी सापडली, न फुटलेली.

चांगुणाबाई उसात होती. मालक दवाखान्यात असले तरी ऊस काही थांबत नाही. ठिबकची एक नळी उंदरानं कुरतडली होती आणि पाण्याची चिळकांडी सरीत वाया चालली होती. मला बघून म्हातारी सुरू झाली, आणि हातही सुरूच. तिनं नळी ओढली, दुमडली, मनगटावर बांगड्यांच्या मागं अडकवलेल्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांतली एक काढून दुमडीवर चढवली. पाणी थांबलं.

"धरलं का तिला?"

"अजून नाही, मावशी. चौकशी चाललीय."

"चौकशी कसली? तिनं पाजलं, मानूस पडला. म्या रातंदिस उशाला बसल्ये त्याच्या. डोळ्यात तेल घालून. जेवायला गेल्ये तेवढ्यात तिनं डाव साधला."

ती खोटं बोलत नव्हती. इतकी वर्षं नोकरी करून एवढं कळतं. नवऱ्यासाठी तिचा जीव तुटत होता. मला तिची दया आली आणि जयमालाचा राग आला, आणि त्याच रागात मी गुन्ह्याचा कागद करायला सांगायला फोन काढला. तेवढ्यात तोच वाजला.

"नगरला ये," मॅडम म्हणाल्या. "येताना सगळ्यांना घेऊन ये. सुनेलाही."

४

अतिदक्षता विभागाच्या बाहेर एक छोटी खोली होती. डॉ. गुंजाळ, सिस्टर, चेतन, चांगुणाबाई आणि कोपऱ्यात जयमाला. तिच्याशेजारची खुर्ची रिकामी होती, पण नवरा भिंतीला टेकून उभा राहिला.

"विष नाही," मॅडमनी सुरुवातच तिथून केली. "मी छातीतून निघालेल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून वास घेतला. दवाखान्यात हल्ली कुणी वास घेत नाही, सगळे मशीनला विचारतात. मग मीही मशीनला विचारलं. रक्तातला जो कचरा मूत्रपिंड लघवीतून बाहेर टाकतं, तो या पाण्यात रक्ताच्या कितीतरी पट आहे. छातीतलं पाणी दुसऱ्या कशात एवढं खराब होत नाही. डॉक्टर, ही लघवी आहे."

"छातीत?" चेतननं मान वर केली.

"छातीत. खडा मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला होता, म्हणून डॉक्टरांनी शेवटच्या बरगडीच्या वरून सुई घातली. तिथवर फुप्फुसाचं अस्तर खाली उतरलेलं असतं. क्वचित सुई त्यातून जाते. चूक म्हणता येत नाही, पण धोका माहीत असतो. मूत्रपिंडातली लघवी त्या वाटेनं वर चढली, छाती भरली, फुप्फुस दबलं, हृदय बाजूला ढकललं गेलं. हृदयाचा आजार नव्हताच. त्याला धडधडायला जागा उरली नव्हती."

सगळ्यांच्या नजरा गुंजाळांकडे वळल्या. ते उभे राहिले.

"मला ही शक्यता सुचायला हवी होती. झटक्याच्या मागे लागलो," ते म्हणाले. "पण मॅडम, हे जुळत नाही. पाठीतली नळी उघडी होती. उताराची वाट मोकळी असताना लघवी वर कशाला चढेल?"

"बरोबर. नळी उघडी असती तर चढली नसती."

"म्हणजे?"

"म्हणजे ती उघडी नव्हती."

सिस्टर पुन्हा उसळली. "पण पिशवी भरलेली होती, मॅडम! मी ओतलीय!"

"होती. आणि सुनेनं बघितली तेव्हा रिकामी होती. दोघीही खरं बोलताय," मॅडम म्हणाल्या. "मधल्या वेळात नळी बंद असायची, तू यायच्या आधी कुणीतरी ती सोडायचं. साठलेली लघवी भसकन उतरली की पिशवी गच्च."

५

मॅडम मला एकट्यालाच आत घेऊन गेल्या. जालिंदररावांना कुशीवर वळवलेलं होतं. पाठीतून निघालेली प्लास्टिकची नळी त्यांनी बॅटरीखाली धरली. चादरीखाली राहील अशा एका जागी तिच्यावर पांढरे वळ होते. अंगाखाली येऊन मुरगळली असती तर एखादाच वळ पडला असता, वाकडातिकडा. इथं एकाच ठिकाणी, एकावर एक, नीट दुमड. आणि दुमडीच्या थोडं मागं काहीतरी आवळून बसवल्याची गोल खूण.

"असं कोण बांधतं रे?" मॅडमनी विचारलं. त्या शहरात वाढलेल्या, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

मी कर्जतच्या कोरडवाहू गावचा. आमच्याकडे ठिबक आली तेव्हा बायाबापड्या आधी काय शिकल्या असतील तर हे. माझ्या डोळ्यांसमोर उसातली चिळकांडी आली. मला वाटलं, नसतं कळलं तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर मॅडम चांगुणाबाईच्या शेजारी बसल्या. चौकशीसारखं काहीच नाही. दोन म्हाताऱ्या बसाव्यात तशा.

"बाई, मालकांच्या पाठीच्या नळीतून काय येत होतं हो?"

"रगत," म्हातारी लगेच म्हणाली. "लाल. सारखं गळत हुतं पिशवीत. ह्या पोरी यायच्या आन् पिशवी भरली की मोरीत वतून द्यायच्या. पान्यावानी! मानसाच्या अंगात रगत ते किती असतं? जीव कळवळायचा माझा."

"कुणाला विचारलं नाही?"

"इचारलं की. पोरगी म्हनली, 'आज्जी, नॉर्मल हाय.' डाक्टर चेतनसंगं बोलायचे, भाईर, इंग्रजीत."

"मग तुम्ही काय केलं?"

"करनार काय? वावरात पाईप गळाय लागला की काय करत्यात? मोडला आन् बांधला. रगत आतल्या आत ऱ्हाईल म्हनलं. मालकाला येईल जरा ताकद. राऊंडाच्या येळंला, डाक्टर आले की सोडायचे, न्हाईतर त्या पोरी वराडल्या असत्या. जेवायला गेल्ये तवाबी बांधूनच..."

ती थांबली. तिनं मॅडमकडे बघितलं, मग गुंजाळांकडे, मग माझ्याकडे. म्हातारी अडाणी असेल, मूर्ख नव्हती. मनगटावरच्या पट्ट्या तिनं एकेक करून ओरबाडून काढल्या आणि जमिनीवर टाकल्या.

"म्या?" ती म्हणाली. "म्या केलं व्हय हे?"

मॅडमनी तिचा हात धरला. "तुम्ही त्यांना वाचवत होता. ते रक्त नव्हतं, लघवी होती, थोड्या रक्तानं लाल झालेली. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही." मग त्यांनी मान वळवली, आणि आवाज एकदम बदलला. "डॉक्टर, नळी तुम्ही मुलाला समजावली, सही त्याची घेतली. पण नळीजवळ बसणार कोण होतं? आपल्याकडे सही पुरुष करतो आणि उशाला बाई बसते, हे तुम्हाला आज कळलं का?"

गुंजाळ चांगुणाबाईसमोर खाली बसले आणि पहिल्यांदाच तिच्याशी बोलू लागले, मराठीत, मूत्रपिंड म्हणजे काय इथपासून.

६

नळीची वाट मोकळी राहिल्यावर छातीतलं पाणी भरायचं थांबलं. फुप्फुस उघडलं, हृदय आपल्या जागी आलं. जालिंदररावांची मशीन निघाली त्या सकाळी मी तक्रारीचा कागद मिटवायला दवाखान्यात गेलो होतो. चांगुणाबाईनं तक्रार मागं घेतली आणि मला विचारलं, "मला कवा न्यायचं?"

"कुठं?"

"आत. म्याच केलंय ना."

"मावशी, असा कायदा अजून निघाला नाही. निघाला तर अर्धा जिल्हा आत जाईल." मला हसायचं होतं, पण जमलं नाही.

जयमाला खाली पायऱ्यांवर उभी होती. मिरजगावहून तिचा भाऊ करण जीप घेऊन आला होता, आणि माझ्या माणसांनी संस्कृतीला आणून सोडलं होतं. पोर आईच्या गळ्याला अशी चिकटली होती की तिचा चेहराच दिसत नव्हता. चांगुणाबाई खाली आली आणि सगळ्या दवाखान्यादेखत सुनेच्या पायाशी वाकायला गेली. जयमालानं तिला अर्ध्यातच धरलं.

"आत्या, नका. तुमच्यावर राग न्हाई माझा. तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही बोलला. मामांसाठी जीव तुटत हुता तुमचा, मला दिसत हुतं."

चेतननं पुढं होऊन तिची पिशवी उचलली. त्याचं काम झालं असं त्याला वाटलं असावं. "चल," तो म्हणाला. "गाडी आणलीय. झालं ते झालं. आणि नगरच्या बिऱ्हाडाचंही बघू आपण, आईची आता हरकत नाही."

जयमालानं पिशवी त्याच्या हातातून परत घेतली. ओढून नाही, साधीच.

"कढणात काय घातलं म्हणून मला साहेबांनी इचारलं. मॅडमनी इचारलं. त्या पुंजारामबाबानीसुद्धा इचारलं, 'पोरी, काय झालं गं?' म्हणून. तुम्ही इचारलं?"

चेतन खाली बघू लागला.

"आत्या म्हणल्या हिनं केलं, तुम्ही तक्रारीवर सही केली. माझी पोर उचलून दुसऱ्याच्या घरी ठेवली, तुम्ही खाली बघत बसला. मी त्या खोलीत एकटी बसल्ये आणि शेजारची खुर्ची रिकामी हुती. नवरा म्हणून नका, शिकलेला माणूस म्हणून तरी एकदा इचारायचं हुतं, जयमाला, तू असं केलंस का? मी न्हाई म्हणले असते. एवढंच हुतं सगळं."

"जया, मी गोंधळलो होतो..."

"व्हय. मीबी."

ती जीपमध्ये बसली. चांगुणाबाई रडायला लागली तशी तिनं खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला, वडीलधाऱ्यासारखा. नियमानं उलटं व्हायला हवं होतं, पण त्या वेळी दोघींतलं कुणी मोठं वाटत होतं तर ती जयमालाच.

"मामा बोलायला लागले की मला फोन करा, आत्या. मी भेटायला येईन," ती म्हणाली. "ऱ्हायला येणार न्हाई."

करणनं जीप सुरू केली. मिरजगावची वाट लांबची, आणि ऊन चढायला लागलं होतं.